साहेब बदलून जातात, काम गावात राहतं का?

– विस्तार अधिकारी (कृषी), सोनगीर

मे-जून हे आपल्याकडे दोन कामांचे दिवस. शेतकऱ्याची नांगरटी-वखरटी आटोपत आलेली असते आणि सरकारी कचेऱ्यांतून बदल्यांचे हुकूम निघत असतात. गावात कोणी मन लावून काम करणारा माणूस असला, तर त्याच्या निरोपाला ग्रामपंचायतीसमोर मंडप पडतो. शाल, श्रीफळ, हार, दोन-चार भाषणं. "असा माणूस पुन्हा होणे नाही," असं प्रत्येक जण बोलतो आणि ते मनापासून बोलतो. माणूस मोटारसायकलवर बसून निघून जातो.

पुढच्या पावसाळ्यात त्याने उन्हात उभं राहून बांधून घेतलेल्या बंधाऱ्यात गाळ साचतो. फळ्या कोणी टाकायच्या आणि कोणी काढायच्या यावरून वाद होतो. त्याने लावलेल्या झाडांना शेळ्या लागतात. मग ओट्यावरची मंडळी म्हणतात, "साहेब उना, साहेब गया, आमनं काय?"

शेतकरी बंधूंनो, चांगल्या सेवकाचं कौतुक करण्यात आपण खान्देशी माणसं कधी कमी पडत नाही. कमी पडतो ते त्याला साथ देण्यात. कौतुक निरोपाच्या दिवशी होतं, साथ त्याच्या नोकरीच्या मधल्या दिवसांत लागते. हा फरक ज्या गावांना कळला, तिथं साहेब बदलले तरी काम राहिलं. आपल्याच भागातली काही उदाहरणं पाहू.

शिरपूरचं पाणी आणि भूगर्भशास्त्रज्ञ

सोनगीरहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघालं की तापी ओलांडून शिरपूर लागतं. या तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याचा काळा पाषाण आणि दक्षिणेला तापीकाठची खोल गाळाची जमीन. वरून पाहणाऱ्याला ही गाळाची जमीन म्हणजे सोनं वाटते. पण तिच्या पोटात वाळूचे थर आहेत आणि मधे मधे पिवळ्या चिकण मातीचे थर आहेत. ही पिवळी माती पावसाचं पाणी खाली जाऊ देत नाही. वरून पाणी मुरत नाही आणि खालून कूपनलिका उपसत राहतात. त्यामुळे पातळी खाली खाली जात राहिली, विहिरी कोरड्या पडल्या.

सुरेश खानापूरकर हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत वरिष्ठ भूगर्भशास्त्रज्ञ होते. सरकारी नोकरी संपल्यावर माणूस घरी बसतो, नातवंडं सांभाळतो. त्यात वाईट काही नाही. खानापूरकरांनी मात्र निवृत्तीनंतर, २००४ पासून, शिरपूर तालुक्यात खरं काम सुरू केलं. तालुक्याचे नेते अमरीशभाई पटेल यांनी पाठबळ दिलं, यंत्रं आणि पैसा यांची जुळणी झाली, आणि नाल्यांवर काम उभं राहिलं.

काम काय होतं, ते नीट समजून घ्या. नाला रुंद करायचा, खोल करायचा आणि पाणी अडवणारा तो पिवळ्या मातीचा थर काढून टाकायचा, म्हणजे खालच्या वाळूला पाणी भेटतं. मग त्याच नाल्यावर ओळीने सिमेंटचे बंधारे बांधायचे. या बंधाऱ्यांना दरवाजेच ठेवले नाहीत. दरवाजे नाहीत म्हणजे ते चोरीला जाण्याचा, गंजण्याचा किंवा पावसाआधी काढायचे राहून जाण्याचा प्रश्नच उरला नाही. जोडीला कोरड्या विहिरींत धरणाचं जादा पाणी गाळून सोडलं आणि विहिरींच्या वाटेने जमिनीच्या पोटात पाणी भरलं. याच कामाला पुढे 'शिरपूर पॅटर्न' असं नाव पडलं आणि राज्यभरातून लोक बघायला येऊ लागले.

आमच्यासारख्या खात्यातल्या माणसाला यात कौतुक कशाचं वाटतं? पोकलेन यंत्राचं नाही. यंत्र भाड्याने कोणालाही मिळतं. कौतुक याचं की या माणसाने नोकरीची वर्षं जमिनीखालचा दगड वाचण्यात घालवली आणि ते शिकलेलं निवृत्तीबरोबर कपाटात बंद केलं नाही. दुसरं कौतुक शिरपूरकरांचं. त्यांनी त्या ज्ञानाला जागा दिली, यंत्राला डिझेल दिलं.

नक्कल सोपी, अक्कल अवघड

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाही तर हा लेख निरोपसमारंभातलं भाषण होईल. शिरपूरचं नाव झाल्यावर ठिकठिकाणी नाले खोल करण्याची लाट आली. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं, त्यातही नाला खोलीकरण मोठ्या प्रमाणात झालं. काही गावांना फायदा झाला हे खरं. पण अनेक ठिकाणी खाली कोणता दगड आहे, माती कोणती आहे, किती खोल गेलं तर पाणी मुरेल आणि किती खोल गेलं तर शेजारच्या विहिरीचं पाणीच नाल्यात येईल, याचा विचार न करता खोदाई झाली. जाणकारांनी तेव्हाच हरकत घेतली होती. पुढे २०२० मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात आला. साडेनऊ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढवण्यात या अभियानाचा परिणाम कमीच दिसला, असं त्यात म्हटलं होतं.

यातून आपण काय घ्यायचं? चांगल्या माणसाचं काम उचलताना त्याचं यंत्र उचलू नका, त्याची रीत उचला. आधी तपासणी, मग आखणी, मग खोदाई, आणि त्यानंतर दरसालची देखभाल. आमच्या सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांचं जुनं नाव आहे. तांब्याचं भांडं कितीही कसबी हातानं घडवलं, तरी वापरायचं तर त्याला वेळोवेळी कल्हई लागतेच. कल्हई उडाली आणि त्यात ताक कळकलं, तर दोष घडवणाऱ्याला देता येत नाही. बंधाऱ्याचं तसंच आहे. बांधून देणारा बांधून देतो, गाळ काढणं गावाच्या हातात असतं.

नंदुरबारचा प्राणवायू

दुसरं उदाहरण शेजारच्या नंदुरबारचं. १ जुलै १९९८ पर्यंत हा आपल्याच धुळे जिल्ह्याचा भाग होता, त्यामुळे तिथलं बरं-वाईट आपल्याला परकं नाही. सातपुड्याचे पाडे, दूरदूरच्या वाटा, दवाखाने मोजके. अशा जिल्ह्यावर २०२० मध्ये करोनाचं संकट आलं तेव्हा तिथं जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड.

हा माणूस आपल्या साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा, भिल्ल समाजातला. जन्माआधीच वडील गेले, आईने मोहाची दारू विकून लेकरं वाढवली. नवोदय विद्यालयात शिक्षण झालं, मग मुंबईत डॉक्टरकी आणि नंतर भारतीय प्रशासन सेवा. त्यांनी स्वतःच आपल्या आयुष्याची ही हकिगत पुस्तकात लिहिली आहे, म्हणून इथे सांगायला संकोच नाही.

करोनाची पहिली लाट ओसरत असताना बहुतेक ठिकाणी लोकांना वाटलं, गेलं एकदाचं. शेतकरी जसं एक पाऊस उघडला की छपराचं भोक विसरतो, तसंच. नंदुरबारमध्ये मात्र सप्टेंबर २०२० मध्ये हवेतून प्राणवायू तयार करणारा पहिला प्रकल्प बसला आणि २०२१ च्या सुरुवातीला, रुग्ण कमी असतानाच, आणखी प्रकल्प उभे राहिले. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि मोठमोठ्या शहरांत नातेवाईक रिकामी सिलिंडरं खांद्यावर घेऊन फिरत होते, तेव्हा या आदिवासी जिल्ह्याकडे स्वतःचा प्राणवायू होता.

आता पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रकल्प बसला म्हणजे भागलं असं नाही. नळी कुठे गळते आहे का, रोगी जेवायला उठला तरी प्राणवायू सुरूच राहिला आहे का, कोणाला किती लागतो, हे बघायला परिचारिका नेमल्या. त्यांना लोक 'ऑक्सिजन नर्स' म्हणू लागले आणि ही पद्धत पुढे राज्यात इतरत्रही घ्यायला सांगितलं गेलं. जिल्हाधिकाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात आलं, ते यायलाच हवं होतं. पण रात्री तीन वाजता खाटेखाटेला जाऊन चावी कमी-जास्त करणाऱ्या बाईचं नाव कुठे आलं? मोठा साहेब विचार करतो, यंत्र आणतो. ते यंत्र चालतं लहान माणसाच्या जागेपणावर.

ज्यांची नावं छापून येत नाहीत

आपल्या गावातही अशी माणसं आहेत. पाड्यावरच्या बाळंतिणीला गाडीत बसवून दवाखान्यात नेणारी आशाताई. २००५ नंतर ग्रामीण आरोग्य अभियानातून या भगिनी गावोगाव आल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशाताईंचा गौरव केला. जगाने गौरव केला, पण आपल्या गावात तिला बसायला खुर्ची देतो का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. अंगणवाडी ताई, लाईनमन, पशुधन पर्यवेक्षक, पाणीपुरवठ्याचा शिपाई, सगळ्यांची हीच कथा.

आणि आमच्या शेतीकडचे कर्मचारी. अलीकडे पदांची नावं बदलली. तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी. पाट्या बदलल्या, काम तेच आहे, आणि एकेका माणसाकडे दोन-तीन गावं आहेत.

या कर्मचाऱ्याची खरी परीक्षा कधी होते, तर पंचनाम्याच्या वेळी. गारपीट झाली, अतिवृष्टी झाली, की महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत या तिघांनी मिळून नुकसान पाहायचं असतं. तेहतीस टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर मदत मिळते. आता एखाद्या शिवारात निम्म्या शेतांचं पीक आडवं झालं आणि निम्मी बचावली, असं घडतंच. इमानदार कर्मचारी बांधावर जाऊन जे दिसतं ते लिहायला बघतो. तेवढ्यात चार जण येतात आणि म्हणतात, "दादा, काय फरक पडतो, सगळ्यांचंच लिहा ना." नाही म्हटलं तर "हा आमच्या गावाच्या मुळावर उठला" अशी बोंब होते. तक्रार होते, वर फोन जातो.

बंधूंनो, थोडा विचार करा. त्या दिवशी तो माणूस दबावाखाली वाकला, तर पुढच्या वर्षी खऱ्या नुकसानीच्या पंचनाम्यावरही वरचा अधिकारी विश्वास ठेवणार नाही. फेरतपासणी लागते, महिना जातो, आणि ज्याचं कपाशीचं बोंड खरंच काळं पडलं त्या गरीब शेतकऱ्याचा पैसा अडकतो. म्हणजे ज्याने खोटं लिहिलं नाही तो गावाचा वैरी नव्हता, राखणदार होता. पण त्या दिवशी त्याच्या बाजूने उभं राहायला गावातून दोन माणसं तरी पुढे आली का? समाजात चांगली माणसं नाहीत असं नाही. चांगली माणसं एकटी पडतात, आणि एकटी पडली की हळूहळू गप्प होतात. मग ती बदली मागून घेतात, आणि गावाला लायक असा नव्हे तर गावाला घाबरणारा माणूस मिळतो.

पाटकऱ्याचा वाटा

सेवकाला साथ कशी द्यायची हे आपल्याला बाहेरून कोणी शिकवायला नको. आपल्याच जिल्ह्यात पांझरा आणि कान नद्यांच्या काठी फड पद्धत शतकानुशतके चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या शिवाराचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरसाल पिकाची फेरपालट करायची, आणि पाणी मोठ्या-लहान सगळ्या खातेदारांना नेमाने मिळायचं.

ही व्यवस्था चालवायला सरकारी माणूस नव्हता. शेतकऱ्यांची पंचकमिटी माणसं नेमायची. पाटाची निगा ठेवणारा पाटकरी, पाणीवाटपावर लक्ष ठेवणारा हवालदार, शेताला पाणी देणारा बारेकरी, पिकाची राखण करणारा जागल्या. यांचा मोबदला शेतकरीच द्यायचे, पूर्वी तो धान्याच्या रूपात खळ्यावरूनच दिला जाई. आणि पाट साफ करायची वेळ आली की खातेदार स्वतः फावडं घेऊन यायचे.

यातली खुबी लक्षात घ्या. पाटकऱ्याला गावाने नेमलं, गावाने पोसलं, म्हणून तो गावाला जबाबदार होता. आणि गावातला कितीही मोठा खातेदार रात्री पाट फोडायला आला, तर पाटकऱ्यामागे सगळी कमिटी उभी असायची. तो एकटा नव्हता. मोठी धरणं झाली, विहिरी-पंप आले, उसाचा हिशेब बदलला, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. ते दिवस जसेच्या तसे परत येणार नाहीत. पण सेवकाच्या पाठीशी कमिटी उभी राहण्याची ती रीत परत आणायला कोणत्या योजनेची गरज नाही.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने ती रीत आजच्या काळात करून दाखवली आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० नंतरच्या काळात उजाड झालेलं रान राखायला घेतलं. गावाने स्वतःचे नियम केले, राखण केली, झाड तोडणाऱ्याला दंड ठेवला, मग तो घरचा असो की बाहेरचा. वनखात्याचे अधिकारी आले आणि बदलून गेले, जंगल मात्र वाढत राहिलं. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा साऱ्या खान्देशाला आनंद झाला. तिथं वनरक्षकाला गावाची भीती नाही आणि गावाला वनरक्षकाची नाही, दोघांचं काम एकच आहे.

साथ म्हणजे नेमकं काय?

हार-तुरे चांगलेच, पण त्याहून स्वस्त आणि जास्त उपयोगाच्या काही गोष्टी सांगतो. त्यातल्या दोन जरी या हंगामात केल्या तरी फरक दिसेल.

एक, ग्रामसभेला या. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. चांगल्या कर्मचाऱ्याने काय काम केलं, त्याची नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात करून घ्या आणि त्याची प्रत त्याच्या वरिष्ठांना पाठवा. तक्रारीचे कागद वर ढिगाने जातात, बऱ्या कामाचा कागद क्वचितच जातो. तो कागद त्या माणसाला शालीपेक्षा जास्त दिवस ऊब देतो.

दोन, आपल्या वाटचं काम वेळेत करा. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची आहे. शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं आणि सर्व्हर बंद पडला की तलाठ्याला शिव्या द्यायच्या, हे बरं नव्हे. ज्याला मोबाईल जमत नाही त्याला गावातल्या शिकलेल्या पोरांनी मदत करावी.

तीन, पंचनामा आणि पीक कापणी प्रयोग या दोन्ही वेळी शेतावर हजर राहा. वजन डोळ्यांसमोर होऊ द्या, आकडा वहीत लिहून घ्या. खरा आकडा लिहिणाऱ्याच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभे राहा. पीकविम्याची भरपाई याच कापणीच्या आकड्यावर ठरते, तेव्हा हा उपकार नाही, आपलाच हिशेब आहे.

चार, कामाची वही ठेवा. बंधारा कधी बांधला, किती खोल खणलं, कोणता थर लागला, गाळ शेवटी कधी काढला, विहिरींची पातळी मार्च आणि ऑक्टोबरमध्ये किती होती. ही वही ग्रामपंचायतीत ठेवा. साहेब बदलला की त्याच्याबरोबर गावाची आठवणही निघून जाते, ती या वहीने राहील. नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात ती त्याच्या हातात द्या.

पाच, देखभालीची माणसं आताच ठरवा. फळ्या टाकणं-काढणं, गाळ उपसणं, झाडांचं कुंपण, प्रत्येकाला दोन नावं. एक आजारी पडला तर दुसरा आहे.

सहा, सेवकाच्या अडचणीत माणूस म्हणून विचारपूस करा. बाहेरगावची मुलगी नोकरीला आली तर तिला राहायला नीट खोली मिळते का, रात्री फिरतीवर असताना सोबत आहे का, एवढं पाहिलं तरी तिचा जीव गावात रमतो.

डोळे मिटून नव्हे

यावर कोणी म्हणेल, "अहो, सगळेच काय तुमच्या त्या चांगल्यांत मोडतात? आमच्याकडचा तर आठवड्यात एकदा उगवतो." खरं आहे. साथ द्या म्हणजे डोळे मिटून पाठराखण करा, असं नाही. राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरवून दिलेला दाखला किंवा सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा फोन आहे. हे जरूर वापरा. उलट कामचुकारावर कागदोपत्री तक्रार झाली, तरच इमानाने राबणाऱ्याची किंमत राहते. दोघांना एकाच तोंडाने "सगळे सारखेच" म्हणणं, हा राबणाऱ्यावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे आणि कामचुकाराला ते सर्वांत सोयीचं आहे.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचा एका जागेवरचा काळ कायद्याने साधारण तीन वर्षांचा धरलेला आहे. तीन वर्षं म्हणजे तीन खरीप, तीन रब्बी. पहिल्या हंगामात त्याला गाव कळतं, दुसऱ्यात काम उभं राहतं, तिसऱ्यात ते गावाच्या हातात द्यायचं असतं. गावाने हात पुढे केला नाही तर तो कोणाच्या हातात देणार?

तेव्हा या वर्षी तुमच्या गावातल्या कामाच्या माणसाची बदली झाली, तर निरोप जरूर द्या. पण त्याच दिवशी, त्याच मंडपात, त्याच्या समोर ती वही उघडा. बंधारा कोण बघणार, झाडं कोण बघणार, नवीन येणाऱ्याला शिवार कोण दाखवणार, त्यांची नावं वाचून दाखवा आणि सह्या घ्या. जाणारा माणूस समाधानाने जाईल. आणि पाऊस पडल्यावर नाल्यात पाणी थांबेल, मग साहेब कोणीही असो.